शिक्षा झाली म्हणजे सर्व संपले काय?



एखाद्यास शिक्षा झाली की ज्ञाती त्यास दोषी मानून मोकळी होते आणि घरची माणसे लज्जेने अपिलाची मुदत दवडतात. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवसांत, फाशी असल्यास ३० दिवसांत, अपील करावे लागते. तेथे मुख्य प्रश्न हाच की, गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षाने खरोखर पेलला काय? १९८४ साली पुण्याच्या एका खटल्यात पुराव्याची साखळी अपुरी ठरवून सर्वोच्च न्यायालयाने, उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी रद्द केली व आरोपीस मुक्त केले. संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा नव्हे. बंदिवानास निकालपत्राची प्रत व वकील विनामूल्य मिळतात. तेव्हा अशा घराशी व्यवहार न तोडता, मुदतीत अपील दाखल होईल एवढे साहाय्य आपण करावे, ही नम्र विनंती.