आपल्या वस्तीचा आराखडा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलावे असा रिवाज आहे. आज आम्ही मात्र घरे, जिने, पाण्याच्या टाक्या आणि नकाशे यांवर बोलणार आहोत. बोलता बोलता विषय धम्माकडेच येईल, याची खात्री असू द्या.

सध्या नायगाव, परळ, लालबाग, वरळी, कुठेही जा, चर्चा एकच. किती फूट मिळणार? भाडं किती देणार? परत कधी येणार? हे प्रश्न चुकीचे नाहीत. बी.डी.डी. चाळींचेच बघा. १९२० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने या चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. अशा खोल्यांतून आपल्या तीन-तीन पिढ्या शिकल्या आणि चळवळीतही उभ्या राहिल्या. २०१७ साली पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या माऊल्यांच्या डोळ्यांत पाणी आले असेल, तर ते आनंदाचेच. आपणही त्या आनंदात सहभागी आहोत.

पण मंडळी, खोलीच्या बदल्यात खोली मिळाली म्हणजे वस्ती मिळाली, असे होत नाही. चाळीतला व्हरांडा कुणाच्याच फुटांत मोजलेला नसतो. तिथे मुले अभ्यास करतात, म्हाताऱ्या आया ऊन खात बसतात, आजाऱ्यावर शेजारची नजर असते. १४ एप्रिलची मिरवणूक निघते ते पटांगण, व्यायामशाळा, महिला मंडळाची बसण्याची जागा, आणि हे आपले विहार! कितीतरी चाळींतली विहारे रहिवाशांनी महिन्याच्या वर्गणीतून, स्वतः विटा वाहून उभी केली. सरकारी नकाशावर त्यांची नोंद असेलच असे नाही. नकाशावर जे नाही, ते उद्याच्या इमारतीतही येत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की, नकाशा काढला जात असताना आपण कुठे असणार?

आपल्याच भागातला एक अनुभव सांगतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. मुंबईत गिरण्यांची जमीन होती सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत कलम ५८ आले. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा, तर साधारण एक तृतीयांश पालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाकडे घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, असा हिशेब होता. २००१ साली या कलमात दुरुस्ती झाली. वाटणी आता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होणार होती. ज्या जमिनीवर शेड उभी होती, ती वाटणीतून वगळली गेली. पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा एकदम आकसला. प्रकरण कोर्टात गेले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. ज्या कामगाराने तिथे आयुष्य घालवले, त्याच्या नातवाला खेळायला जे मैदान मिळाले असते, ते एका ओळीच्या बदलात गेले. ती ओळ बदलत होती तेव्हा गिरणगावातल्या किती जणांना त्याचा पत्ता होता?

आता दुसरी बाजू बघा. मुंबईचा विकास आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत मसुदा म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात चुका निघाल्या. लोकांनी नकाशे मागवून घेतले, आपापली गल्ली तपासली आणि हजारोंनी हरकती नोंदवल्या. एप्रिलमध्ये शासनाला तो मसुदा मागे घेऊन फेरतपासणीला द्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ साली आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. सगळे मनासारखे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण साध्या माणसाने वेळेवर, लेखी, पत्त्यानिशी दिलेली हरकत मोजली जाते, हे त्यातून सिद्ध झाले.

आणि इथेच धम्म येतो. महापरिनिब्बान सुत्तात अजातशत्रूचा मंत्री वस्सकार भगवंतांकडे येतो. राजाला वज्जींवर स्वारी करायची असते. भगवान आनंदाला विचारतात, वज्जी वारंवार एकत्र जमतात ना? एकोप्याने बसतात, एकोप्याने उठतात ना? ज्येष्ठांचे ऐकतात, स्त्रियांवर बळजोरी करत नाहीत, आपल्या चैत्यांचा मान राखतात ना? हे जोवर चालेल, तोवर वज्जींची भरभराटच होईल, हानी होणार नाही. परंपरा पुढे असे सांगते की, वस्सकाराने वैशालीत शिरून घराघरांत संशय पेरला आणि मग वैशाली पडली. आजचा वस्सकार बॅग घेऊन येतो. एकेकाला बाजूला घेऊन सांगतो, "काका, तुमचं वेगळं बघू, इतरांना बोलू नका." तिथेच ओळखावे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले होते की, ठराव, गणपूर्ती आणि मतदान हे नियम भिक्षुसंघाला ठाऊक होते. सभा घेणे हा आपला वारसा आहे. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला सभा भरली आणि त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. कामगार वस्तीत चार माणसांना बसायला एक हॉल असला, तर काय घडू शकते, याचा याहून मोठा दाखला कुठला? स्वतः बाबासाहेब परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले. पुढे दादरला राजगृह बांधताना वरचा मजला त्यांनी ग्रंथांसाठी राखला. घर बांधताना पुस्तकांची जागा आधी ठरवणारा माणूस आपला नेता होता. मग आपल्या इमारतीच्या नकाशात अभ्यासिका का नसावी?

म्हणून आम्ही विहार समितीपुढे पाच कामे ठेवत आहोत.

पहिले, खोलीवार वही. कोण राहतो, कुणाच्या नावावर पावती आहे, घरात वृद्ध किंवा अपंग कोण, भाडोत्री कोण, सगळे लिहा. वारसाचे वाद आजच मिटवा.

दुसरे, पायी फिरून नकाशा. तरुणांनी मोठ्या कागदावर विहार, नळ, झाडे, पटांगण, दुकाने, बालवाडी, पावसात पाणी तुंबते ती जागा, सगळे मांडावे. मग पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून विकास आराखड्याचे पान मिळवून शेजारी ठेवावे. आपल्या परळ-लालबागचे ऑफिस म्हणजे एफ दक्षिण. जे आपल्या कागदावर आहे आणि त्यांच्या कागदावर नाही, त्याची यादी करावी.

तिसरे, महिलांची स्वतंत्र सभा. चाळीसमजली इमारतीत लिफ्ट बंद पडली तर पाणी कोण चढवणार, रात्री जिन्यात दिवे कुठे हवेत, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

चौथे, महिन्याच्या खर्चाचा हिशेब. लिफ्ट, पंप, सफाई यांचा खर्च दर महिन्याला येणार. पेन्शनवर जगणाऱ्याला तो झेपला नाही, तर मिळालेले घर विकून बदलापूर गाठावे लागेल. देखभालीचा निधी किती आणि किती वर्षांसाठी, हे करारात लिहून घ्या.

पाचवे, सही. उपकरप्राप्त चाळीच्या पुनर्विकासाला आज ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. म्हणजे निम्म्यांची सही उरलेल्यांचेही भवितव्य ठरवते. तेव्हा सभेत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणी सही करायची नाही. विहार आणि अभ्यासिका यांची जागा किती, कुठल्या मजल्यावर, कुणाच्या नावावर, हे लेखी आल्याशिवाय तर नाहीच.

यात पैसा फारसा लागत नाही, वेळ लागतो. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास थांबा. प्रत्येक घरातून एक पुरुष, एक स्त्री आणि दहावीच्या पुढचे एक मूल यावे. येताना भाडेपावतीची झेरॉक्स आणा. वही आम्ही आणतो.

जयभीम! नमो बुद्धाय!