हवामानबदल सांगावा कोणी?

क्लायमेट सेंट्रल ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. २००८ साली न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला ती उभी राहिली. शास्त्रज्ञ आणि पत्रकार तिथे बरोबरीने काम करतात. हवामानबदलाचे संशोधन लोकांपर्यंत पोचवायचे, पण अमुक कायदा करा असा आग्रह धरायचा नाही, हा तिचा दंडक. खर्च चालतो तो प्रतिष्ठाने, व्यक्तिगत देणगीदार आणि संशोधन अनुदाने यांच्या पैशावर. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही शंका अशा ठिकाणी येणारच. हिशेबाची रीत उघड्यावर मांडणे आणि संशोधन परक्या तज्ज्ञांकडून तपासून घेणे, एवढेच तिला उत्तर.

संस्थेची खरी हुशारी दिसते ती सांगणारा माणूस निवडण्यात. रोज संध्याकाळी पावसापाण्याचे सांगणारा टीव्हीवरचा निवेदक घरचाच वाटतो. २०१० मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरात जिम गँडी या निवेदकांना घेऊन ‘क्लायमेट मॅटर्स’ हा संस्थेचा उपक्रम सुरू झाला. जॉर्ज मेसन विद्यापीठही सोबत होते. राज्य रिपब्लिकन वळणाचे, त्यामुळे प्रेक्षक बिथरतील ही धास्ती होतीच. गँडींच्या एका भागाचा विषय होता पॉयझन आयव्ही, म्हणजे आपल्या खाजकुयलीची आठवण करून देणारी तिकडची वेल. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की ती जोमाने फोफावते आणि तिचे खाज आणणारे तेल अधिक जहाल होते. परसातली वेल कोणाला परकी नसते. पुढे आपापल्या शहराचे तयार आलेख शेकडो निवेदकांच्या हाती पडू लागले.

मुंबईचाही या संस्थेशी संबंध आला, तो किनाऱ्यांच्या उंचीच्या हिशेबातून. अवकाशयानातून रडारने केलेल्या जुन्या मोजणीत झाडांचे शेंडे आणि घरांची छपरे जमीन म्हणून धरली जात, त्यामुळे किनारे होते त्याहून उंच दिसत. संस्थेच्या स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी २०१९ मध्ये ती चूक दुरुस्त केली. आज सुमारे ३० कोटी लोक राहतात ती जमीन २०५० पर्यंत वर्षातून सरासरी एकदा येणाऱ्या किनारी पुराच्या पातळीखाली जाईल, असा हिशेब निघाला. खाड्या बुजवून सात बेटे जोडलेल्या मुंबईचा मोठा भाग या हिशेबाच्या नकाशावर रंगला आणि ‘मुंबई बुडणार’ असा गवगवा झाला. वर्षाकाठचा पूर आणि कायमचे बुडणे यांतला फरक त्यात हरवला. किनाऱ्याच्या भिंती आणि बांध तर त्या नकाशात धरलेलेच नव्हते.