फी भरण्याआधी एक कागद मागा

आज आम्ही आमच्या बचत गटाने दिलेल्या एका कर्जाची गोष्ट सांगणार आहोत. त्यात चूक आमचीही होती, म्हणून सांगतो.

गटातल्या एका ताईंच्या धाकट्या मुलाला ऐकू येत नाही. त्याची थोरली बहीण बी.ए. झालेली. अशा मुलांना शिकवायचं म्हणून तिने विशेष शिक्षणाचं बी.एड. करायचं ठरवलं. एका खासगी विद्यापीठाचा माणूस घरी आला. यूजीसीची मान्यता दाखवली, आठ दिवसांत पैसे भरा नाहीतर जागा जाईल म्हणाला. आम्ही बैठकीत ठराव केला, कर्ज दिलं.

दोन वर्षांनी पदवी हातात आली. पोर विशेष शाळेत मुलाखतीला गेली, तर पहिलाच प्रश्न आला, "आरसीआयचा नोंदणी क्रमांक?" तो नव्हता, आणि मिळणारही नव्हता. ताई आजही मजुरीतून हप्ते फेडतात. त्या कुणाला बोल लावत नाहीत, पण ठरावावर सह्या आमच्याच होत्या.

मग आम्ही माहिती काढली. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. 1992 च्या कायद्याने विशेष शिक्षकांचं शिक्षण आणि नोंदणी तिच्याकडे आहे. यूजीसीची मान्यता असली की विद्यापीठ पदवी देऊ शकतं. पण विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं, आणि त्यासाठी शिकलेला अभ्यासक्रम परिषदेने मान्य केलेला असावा लागतो. मान्यता अख्ख्या विद्यापीठाला एकदाच मिळत नाही. कर्णबधिर, दृष्टिहीन, बौद्धिक अक्षमता, प्रत्येक शाखेची वेगळी, आणि तीही ठरावीक वर्षांपुरती असते.

सगळी खासगी विद्यापीठं फसवतात असं नाही. कित्येकांकडे रीतसर मान्यता आहे. म्हणून घाबरू नका, विचारा.

यंदा गटातली दुसरी एक सून याच शिक्षणासाठी कर्ज मागायला आली. या वेळी आम्ही आधी तीन प्रश्न लिहून दिले. या शाखेला आरसीआयची मान्यता आहे का? ती आमच्या प्रवेशाच्या वर्षाला लागू आहे का? सरावपाठ कोणत्या विशेष शाळेत होतात? मान्यतेच्या पत्राची प्रत मागितली. परिषदेच्या वेबसाईटवर मान्य संस्थांची यादी असते, ती मोबाईलवर उघडून नाव ताडून पाहिलं. पहिल्या विद्यापीठाने पत्र द्यायला टाळाटाळ केली. दुसऱ्याने त्याच दिवशी दिलं, यादीतही नाव सापडलं. कर्ज दुसऱ्या ठिकाणासाठी मंजूर झालं.

हे प्रश्न त्या सूनबाईंना कुणी समजावले, ठाऊक आहे? त्याच ताईंच्या मुलीने. ती आता गावातच भावाला आणि आणखी दोन मुलांना घरी बसवून अक्षरओळख करून देते. मान्य अभ्यासक्रमाला पुन्हा प्रवेश घ्यायची तिची तयारी आहे. या वेळी कर्जाचं व्याज घ्यायचं नाही, असा ठराव आम्ही केला आहे.

मैत्रिणींनो, दिव्यांग हक्क कायद्यात 2016 पासून 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे. आपल्या गावांतल्या या लेकरांना शिकलेल्या बाई हव्यातच. म्हणून मुलींना जरूर शिकवा. फक्त पैसे मोजण्याआधी तो एक कागद बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. घाई कुणी केली, तर सांगा, आमची बैठक झाल्यावर कळवतो.