शांततेचा पाठ : शाळेच्या पटांगणातून



मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर दोन मुलांची जुंपते. एकाचा डबा सांडतो, दुसऱ्याच्या सदऱ्याची बाही फाटते. पूर्वी असा खटला गुरुजींपुढे आला की दोघांच्याही हातावर छडी बसे आणि निकाल लागे. वर्ग शांत होई. परंतु भांडण मिटत नसे. शाळा सुटल्यावर गावाबाहेरच्या वाटेवर ते पुरे केले जाई. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याने, त्यातील १७ व्या कलमान्वये, शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. छडी गेली हे योग्यच झाले. तथापि तिच्या जागी काय यावे, याचा विचार मात्र अनेक ठिकाणी अपुराच राहिला आहे. शांततेच्या शिक्षणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथूनच सुरू होतो.

शांतता म्हणजे केवळ गोंगाटाचा अभाव नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शालेय जीवनाच्या आठवणींत त्यांनी लिहून ठेवले आहे, की त्यांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. नळाला हात लावता येत नसे आणि शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. त्या वर्गात कदाचित कोणतेही भांडण होत नसेल. पण तहानलेले मूल मुकाट्याने बसले आहे, अशा वर्गाला शांत म्हणता येईल काय? पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोक पाणी प्यायले, तेव्हा वरवरची शांतता भंगली. परंतु न्यायाधिष्ठित शांततेकडे समाजाने एक पाऊल टाकले. जी शांतता अन्याय झाकते ती टिकत नाही, हा या इतिहासाचा बोध होय.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमची कल्पना मांडली. हात, बुद्धी आणि हृदय यांचा एकत्र विकास, तसेच श्रमातून सहकार्य हे तिचे सूत्र होते. एकाच चरख्यापाशी, एकाच वाफ्यात काम करणाऱ्या मुलांना एकमेकांची गरज प्रत्यक्ष कळते. १९३९ साली भारतात आलेल्या मारिया माँटेसरी यांनीही जगाच्या शांततेचा पाया बालकाच्या शिक्षणात शोधला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार होताना शांततेच्या शिक्षणासाठी स्वतंत्र अभ्यासगट नेमण्यात आला होता. शांतता हा आणखी एक विषय म्हणून वेळापत्रकात न घालता ती सर्व विषयांतून व शाळेच्या एकूण व्यवहारातून यावी, अशी त्यामागील दृष्टी होती.

प्रत्यक्षात हे कसे घडावे? नळावरचेच भांडण घ्या. प्रथम दोघांचा राग ओसरू द्यावा. नंतर प्रत्येकाने, दुसऱ्याने मध्ये न बोलता, काय घडले ते सांगावे. ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगावे. कारण बहुतेक भांडणे न ऐकण्यातून वाढतात. ‘तू दुष्ट आहेस’ हा आरोप आणि ‘माझा डबा सांडला’ ही घटना यांतील फरक मुलांना दाखवून द्यावा. मग प्रत्येकाला नेमके काय हवे आहे ते विचारावे. तोडगा शक्यतो मुलांनीच सुचवावा आणि आठ दिवसांनी तो पाळला गेला की नाही हे पाहावे. अशा चौकशीत कित्येकदा असे आढळून येते, की दोष मुलांचा नसून शाळेच्या व्यवस्थेचा असतो. दोनशे मुलांना एकच नळ असेल, तर रांग लावण्याइतकीच दुसऱ्या नळाचीही आवश्यकता असते.

तथापि येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. सर्वच तक्रारी समेटाच्या नसतात. एखाद्या मुलाला जातीवरून हिणवले जात असेल, थोराड मुले लहानग्याला सतत छळत असतील, तर दोघांना समोरासमोर बसवून हातमिळवणी करविणे म्हणजे दुबळ्यावर दुसरा अन्याय करणे होय. तेथे प्रथम पीडित मुलाला संरक्षण मिळाले पाहिजे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे; ते प्रकरण शाळेत मिटविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

विषयांच्या अध्यापनातही या शिक्षणाला भरपूर वाव आहे. इतिहासातील लढाईबरोबर तहही शिकवावा आणि तो का टिकला किंवा का मोडला हे विचारावे. भाषेच्या तासाला एकच प्रसंग दोन पात्रांच्या तोंडून लिहून घ्यावा. खो-खोच्या मैदानावर पंच म्हणून मुलांनाच आळीपाळीने उभे करावे. निर्णय देणे किती अवघड असते ते त्यांना आपोआप कळेल. मात्र परिपाठात सहिष्णुतेवर बोलणारा शिक्षक वर्गात मुलाला टाकून बोलत असेल, तर मुले भाषण विसरतात आणि वागणूक लक्षात ठेवतात.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरचे, वाटणीचे, पाण्याचे तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, हा तिचा हेतू. परंतु पन्नाशीच्या माणसाला समोरच्याचे ऐकून घ्यायला शिकविणे कठीण असते. दहा वर्षांच्या मुलाला ते तितके कठीण नसते. आज नळावर भांडणारी ही दोन मुले उद्या एकाच बांधाचे शेजारी होणार आहेत. त्या वेळी त्यांच्या हाती काठी असेल की त्यांच्या ओठी शब्द असेल, हे पुष्कळसे आजच्या मधल्या सुट्टीत ठरत असते.