रेशमावर पहिला रंग



पनवेलहून रसायनीच्या बाजूला गेलं की पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत कॅमलिनचा कारखाना आहे. 1931 साली दांडेकरांनी मुंबईत शाईपासून सुरू केलेला हा उद्योग. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या हातात आलेली पहिली रंगपेटी त्यांचीच असेल. कापडावर रंगवायचे अ‍ॅक्रिलिक रंगही आज पनवेलच्या कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. म्हणूनच रेशमावर रंगवायची हौस आली की पहिल्यांदा मनात येतं, घरात आहेत तेच रंग वापरू. आज मी तुम्हाला सांगणार आहे की ते रेशमासाठी नव्हेत, आणि का नव्हेत ते समजलं की सिल्क पेंटिंगचा संच निवडणं पुष्कळ सोपं होतं.

अ‍ॅक्रिलिक रंगात रंगाचे बारीक कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. वाळल्यावर त्याचा एक थर धाग्यावर बसतो. सुती पिशवीवर, उशीच्या अभ्र्यावर हा थर शोभतो. रेशमाची गोष्ट निराळी. रेशमाचा धागा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गोल दिसत नाही, साधारण त्रिकोणी दिसतो. त्याच्या सपाट बाजूंवरून उजेड परत फिरतो, आणि त्यालाच आपण रेशमाची झळाळी म्हणतो. त्यावर जाड थर दिला की झळाळी झाकली जाते, कापड कडक होतं, त्याची चुणी पडत नाही. मग रेशीम घेतलं कशाला?

रेशमासाठीचे रंग पाण्यासारखे पातळ असतात. ओला कुंचला कापडाला टेकवला की रंग आपोआप पसरत जातो. त्याला अडवायचं काम आपलं. त्यासाठी आधी चित्राच्या रेषा एका चिकट द्रावणाने काढून घ्यायच्या. या द्रावणाला गुट्टा म्हणतात. तो मुळात मलाया भागातल्या एका झाडाच्या चिकापासून करत असत. हल्ली पाण्यात धुऊन जाणारा गुट्टाही मिळतो, आणि नवशिक्याने तोच घ्यावा. दुसऱ्या प्रकाराला रॉकेलसारखा उग्र वास असतो, आणि तो काढायला ड्रायक्लीनिंग लागतं. घरात लहान मुलं असतील तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

गुट्टाची रेषा शेताच्या बांधासारखी असते: कुठे एक फट राहिली की सगळं पाणी पलीकडे. म्हणून रेषा काढून झाल्यावर कापड उजेडासमोर धरून पाहा. जिथे गुट्टा पलीकडच्या बाजूपर्यंत मुरलेला नाही तिथे उलट्या बाजूने पुन्हा रेषा द्या. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर तासाभराची मेहनत वाया जाते.

आता किटचा खोका हातात घेतल्यावर काय पाहायचं? बाटल्या किती आहेत ते नाही. पिवळा, गुलाबीकडे झुकणारा लाल, निळा आणि काळा, एवढ्यांतून हवी ती छटा करता येते, आणि फिकट हवी तर पाणी घालायचं. पांढरा रंग या कलेत लागतच नाही. रंग पारदर्शक असतात, त्यामुळे जिथे पांढरं हवं तिथे कापड कोरं सोडायचं. बारा किंवा चोवीस बाटल्यांच्या संचाला भुलून जास्तीचे पैसे घालवू नका.

पाहायचं ते हे, की रंग पक्का कसा होतो. एका प्रकारचा रंग इस्त्रीने पक्का होतो, दुसऱ्याला वाफ द्यावी लागते. वाफेचे रंग खरोखर अधिक तेजस्वी. रेशीम म्हणजे प्रथिन, आणि ते रंग त्या प्रथिनाशीच जोडले जातात. पण त्यासाठी कापड कोऱ्या कागदात गुंडाळून बंद भांड्यात तास-दोन तास वाफवावं लागतं. झाकणावरून पाण्याचा एक थेंब गळला तरी डाग पडतो. शिवाय रंगासाठी वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेता येत नाही. हे सगळं पुढे शिकता येईल. पहिल्या वेळी खोक्यावर इस्त्रीने पक्का होणारा रंग असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. फ्रान्सच्या पेबेओ कंपनीचे सेटासिल्क हे रंग त्या जातीचे आहेत. पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून, बाटलीवर लिहिली आहे तेवढा वेळ कोरडी इस्त्री फिरवायची, वाफेची नको.

खोक्यात कापड बहुधा एकच स्कार्फ एवढं येतं. शिकणाऱ्याला ते पुरत नाही, आणि एकच तुकडा म्हटला की हात घाबरतो. माझा सल्ला असा की रंग आणि गुट्टा घ्या, कापड मात्र मीटरवर वेगळं आणा. पनवेलहून हार्बरची गाडी धरून मशीदला उतरलं की मंगळदास मार्केट चालत जाण्याइतकं जवळ आहे. पातळ, पांढरं, साध्या विणीचं शुद्ध रेशीम मागा. परदेशी खोक्यांवर कापडाचं वजन मॉमी या मापात लिहितात. नवशिक्याला आठ मॉमी योग्य, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 35 ग्रॅम. याहून बऱ्याच जाड कापडात गुट्टा आरपार मुरायला कठीण जातं. 44 इंच पन्ह्याच्या एका मीटरमधून चार मोठे रुमाल निघतात, म्हणजे चार वेळा सराव.

आर्ट सिल्क या नावावर मात्र जाऊ नका. तो रेयॉन किंवा पॉलिएस्टर असतो, त्यावर हे रंग रेशमासारखे चढत नाहीत. केंद्रीय रेशीम मंडळाने 2004 साली शुद्ध रेशमाची खूण म्हणून सिल्क मार्क सुरू केला. तो असेल तर उत्तम. नसेल तर एक उभा आणि एक आडवा धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. जळत्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. दोन्ही धागे तपासा, कारण उभा एक आणि आडवा दुसरा असं कापडही असतं. रंगवण्यापूर्वी रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवा. कापडावरची खळ निघून जाते.

चौकटीवर फार खर्च नको. ओळखीच्या सुताराकडून चार पट्ट्या जोडून घेतल्या तरी चालतं. कापड टेबलाला न टेकता ताणलेलं राहिलं पाहिजे, एवढंच. साधी टाचणी कापड फाडते. कडेला बारीक सेफ्टी पिना लावा, त्यांत रबरबँड अडकवा आणि ते चौकटीवरच्या खिळ्यांना ताणा. किटमधल्या तीन टोकांच्या पिना चांगल्या असतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

आता आपल्या हवेविषयी. पुस्तकांतल्या सूचना कोरड्या हवेच्या देशांतल्या असतात, आणि आपल्याकडचा पावसाळा दमट असतो. जुलैतल्या पनवेलमध्ये गुट्टा वाळायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. पंख्याखाली ठेवा, बोटाला जराही चिकट लागला तर थांबा. याच ओलाव्याचा एक फायदाही आहे: रंग उशिरा वाळतो, त्यामुळे दोन छटा एकमेकींत छान मिसळतात. नवशिक्याला आकाश रंगवायला याहून बरा ऋतू नाही.

मिठाची नक्षी मात्र पावसाळ्यात अवघड. ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकले की ते रंगाचं पाणी स्वतःकडे ओढतात आणि भोवती फुलासारखे ओघळ उमटतात. किटमध्ये कधीकधी यासाठी छोटी पुडी देतात. आपल्याला तिची काय गरज? उरण-पेणची मिठागरं उशाशी आहेत, वाण्याकडचं खडेमीठ उत्तम चालतं. पावसाळ्यात ते आधीच पाणी धरून बसतं आणि मग रंग ओढत नाही. तव्यावर कोरडं भाजून, गार करून वापरा. नाहीतर दिवाळीपर्यंत धीर धरा.

चीनमध्ये चांग्शाजवळ मावांगदुईच्या थडग्यात 1972 साली एक रंगवलेलं रेशमी निशाण सापडलं. दोन हजार वर्षांहून जुनं, आणि त्यावरचे रंग अजून दिसतात. रेशमावरचं काम इतकं टिकू शकतं, पण उजेडापासून दूर राहिलं तर; म्हणून ते उन्हात वाळवू नका आणि खिडकीच्या थेट उजेडात टांगू नका.

शेवटी एक विनंती. चार रुमाल जमले की पाचवा विदर्भातल्या कोशावर करा. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावला टसर रेशीम हातमागावर विणतात, तिकडे त्याला कोसा म्हणतात. तो मुळातच मधाच्या रंगाचा. त्यावर निळा लावला तर हिरवट उतरतो, लाल लावला तर विटकरी. कोरं सोडलेलं कापड पांढरं न दिसता सोनेरी दिसतं. कुठल्याही परदेशी खोक्यात हे कापड मिळणार नाही. ते आपल्या विणकरांकडून मागवा, आणि पहिला तुकडा फक्त रंग कसे उतरतात ते पाहण्यासाठी ठेवा.