खड्डा किती, माती किती
(वसंत व्याख्यानमाला, पुष्प तिसरे)

श्रोतेहो, पहिल्या दोन दिवशी इतिहास झाला, अध्यात्म झालं. आज माती. पत्रिका हातात पडताच एका स्नेह्यांनी विचारलं, ‘खड्डा भरायला माती किती लागेल, यावर बोलणार काय? लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. संपलं व्याख्यान!’

खड्डा पेटीसारखा असता तर संपलंही असतं. पण तो वर रुंद असतो, तळाशी निमुळता. एका कडेला कंबरभर, दुसरीकडे गुडघाभर. मग धरायची कुठली खोली?

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त याला एक प्रकरणच दिलं आहे: खातव्यवहार. खात म्हणजे खणलेला खड्डा. पहिला नियम साधा आहे. माप ठिकठिकाणी घ्या, बेरीज करा आणि जितक्या ठिकाणी घेतलं तितक्यांनी भागा. आपला गवंडी पाण्याची नळी धरून प्लॉटच्या चार-सहा जागी उतार बघतो, तेव्हा तो न वाचताच ‘लीलावती’ पाळत असतो.

खरी गंमत पुढच्या उदाहरणात आहे. एक वापी, म्हणजे बारव म्हणा. तोंडाशी १२ हात लांब, १० हात रुंद. तळाशी दोन्ही मापं निम्मी. खोली ७ हात. आपल्यातला एक जण म्हणेल, तोंडाचं क्षेत्रफळ १२०, तळाचं ३०, सरासरी ७५. गुणिले ७, उत्तर ५२५. दुसरा म्हणेल, सरासरी लांबी ९, सरासरी रुंदी साडेसात, उत्तर ४७२.५. दोघंही प्रामाणिक आणि दोघंही चूक! आचार्य तोंडाचे १२० घेतात, तळाचे ३० घेतात आणि तिसरी एक रक्कम घेतात: दोन्ही लांब्यांची बेरीज १८, दोन्ही रुंद्यांची १५, त्यांचा गुणाकार २७०. एकूण ४२०. त्याला सहाने भागलं की ७०, गुणिले ७, म्हणजे ४९० घनहस्त. हे अचूक उत्तर. रस्त्याच्या मातीकामात इंजिनिअर आजही हेच सूत्र वापरतात.

आचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. पाटणादेवीला जाल तेव्हा तोही बघून या.

आता आपल्या दारात येऊ. आपल्याकडे माती, मुरूम, वाळू ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. घराचं जोतं ३० फूट बाय २० फूट, भराव २ फूट: १२०० घनफूट, १२ ब्रास. सांगितले १२ ब्रास, आणि पहिल्या पावसातच भराव खाली बसला. कारण ट्रॉलीतला मुरूम फुगलेला असतो. पाणी मारून, थरावर थर देऊन धुम्मस केली की तो आवळतो. किती, ते मातीच्या जातीवर आणि ओलीवर आहे. समजा, शेकडा २० आवळतो. मग किती मागवायचा? बहुतेक जण १२चे २० टक्के काढून १४.४ म्हणतात. पण आवळणार आहे तो आलेला मुरूम, जोतं नव्हे! म्हणून १२ भागिले ०.८, म्हणजे १५ ब्रास.

आणि ब्रास तोंडी मोजू नका. हौद्याला आतून टेप लावा. १० फूट लांब, ६ फूट रुंद, दीड फूट उंच हौदा सपाट भरला तर ९० घनफूट होतात. वरची रास बघून ‘ब्रासच्या वर आहे, साहेब’ म्हणतात, पण रास फक्त मध्ये असते.

काळी माती स्वस्त पडते म्हणून जोत्यात घालू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते; तिचं माप पंचांगाप्रमाणे बदलतं.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असं समजू नका. माझ्या घराचा भराव घाईनं, एका दिवसात, थर न देता पडला. मीच समोर उभा राहून १२ ब्रास मोजून घेतले होते, आणि गुणाकार बरोबर आला म्हणून खूष होतो. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फरशी बसली. तिथे टाच आपटली की अजून पोकळ आवाज येतो. शंका असेल त्यांनी घरी यावं, चहाही मिळेल.