रजोनिवृत्ती आणि त्वचेची निगा
(रुग्णालयाच्या वतीने शिवडी येथे झालेल्या महिला आरोग्य मेळाव्यातील व्याख्यानाचे संकलन)



आजच्या व्याख्यानासाठी 'हृदयविकारावर बोला, त्वचेसारखा विषय कशाला', अशी एक सूचना आली होती. त्वचा म्हणजे केवळ सौंदर्याचा प्रश्न, असा समज तिच्यामागे असावा. आमच्या बाह्यरुग्ण विभागातला अनुभव वेगळा आहे. पन्नाशीच्या आसपासची स्त्री अंगाच्या खाजेने रात्र-रात्र जागी असते आणि तरीही 'पाळी गेल्यापासून हे सुरू झाले' असे ती सहसा सांगत नाही. साबण बदलला, पाणी बदलले, शिवडीच्या खाडीची खारी हवा मानवत नाही, असे ती म्हणते. पाळी आणि त्वचा यांचा काही संबंध असेल, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

हा संबंध थेट आहे. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते; पाश्चात्त्य देशांत हे वय सुमारे ५१ आहे. म्हणजे ज्या वयात घरचे, मुलांच्या शिक्षणाचे आणि वृद्ध सासू-सासऱ्यांचे सारे ओझे खांद्यावर असते, त्याच वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊ लागते. त्वचेला ताठपणा देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची निर्मिती बरीचशी या संप्रेरकावर अवलंबून असते. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजेन नाहीसे होऊ शकते; पुढे ही घट वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी चालू राहते. तेलग्रंथी मंदावतात, ओलावा टिकत नाही, त्वचा पातळ होते. जखम भरायला वेळ लागतो. काहींना अंगावर मुंग्या चालल्यासारखे वाटते आणि घरचे 'भास होतो' म्हणून ते हसण्यावारी नेतात. तो भास नव्हे.

आपल्या भागात या बदलांना आणखी एक बाजू आहे. लालबाग, परळ, शिवडीच्या स्त्रियांनी गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत काम केले, गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच खानावळवाल्या भगिनींसाठी. १९८२ च्या संपानंतर तर कित्येक घरांची चूल स्त्रियांच्या पोळी-भाजीवरच पेटत राहिली. आजही अनेक जणी पहाटेपासून शेगडीपुढे असतात. रजोनिवृत्तीत अचानक अंगातून वाफा निघतात, घामाच्या धारा लागतात. पण शेगडीपुढची स्त्री तो घाम शेगडीचाच समजते. मुंबईच्या दमट हवेत स्तनांखाली, जांघेत, परकराच्या नाडीखाली तो साचतो आणि तिथे गजकर्ण धरते. एकीकडे हातपाय कोरडे, दुसरीकडे घड्यांमध्ये ओल, अशी ही चमत्कारिक अवस्था असते. म्हणूनच एकच उपाय सर्वांगाला चालत नाही.

हातापायांसाठी उपाय स्वस्त आहेत. फार कढत पाण्याने आंघोळ करू नये. साबण काखेत, जांघेत आणि पायांना पुरे. साऱ्या अंगाला रोज घासण्याची गरज नाही. अंग टिपल्यावर, ते किंचित ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी. महागड्या बाटलीतून याहून फार वेगळे काही मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. घड्यांना मात्र तेल लावू नये. तिथली त्वचा कोरडी ठेवावी, सुती कपडे वापरावेत. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग दिसू लागला तर टिकली लगेच बंद करावी. तिच्या डिंकातील रसायनाने त्वचेचा रंग कायमचा जाऊ शकतो. केसांच्या कलपाने कानामागे खाज सुटत असेल तर तोही थांबवावा.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते, ती सांगतो. गालांवर वांग आले की स्त्री औषधाच्या दुकानात जाते, नाही तर शेजारणीची ट्यूब मागून आणते. यांपैकी बऱ्याच मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. आठवडाभरात चेहरा उजळतो, म्हणून ते महिनोन् महिने लावले जाते. मग त्वचा लाल होते, पुरळ येते, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि मलम थांबवले की जळजळ असह्य होते. आधीच पातळ झालेल्या त्वचेवर हा दुहेरी घाव आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. चिठ्ठी न मागणारी दुकाने तरीही संपलेली नाहीत. गजकर्णावर हेच मलम लावले तर खाज शमते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते.

याहून गंभीर उदाहरण २०२३ च्या जानेवारीत वृत्तपत्रांत आले. अकोल्याच्या एका कुटुंबातील आई आणि दोन मुली, तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार जडला. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी मूळ शोधले, तेव्हा तिघी वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. प्रसाधनात पारा मिसळण्यास कायद्याने बंदी आहे. नकळत राहिलेला अंशही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. चेहऱ्याला लावलेली वस्तू चेहऱ्यापुरती राहत नाही, ती रक्तात उतरते.

ज्याबद्दल घरात कुणापाशी बोलता येत नाही, तेही आज बोलले पाहिजे. योनिमार्गाचा कोरडेपणा आणि बाहेरच्या भागाची खाज ही या वयातील अत्यंत सामान्य तक्रार आहे. कधी तिच्यामागे मधुमेह असतो. कधी त्वचा कागदासारखी पातळ व पांढरी पडते; त्या विकाराकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर काही स्त्रियांत पुढे कर्करोग उद्भवतो. गंमत अशी, की इथे तीव्र स्टेरॉइड मलम हेच योग्य औषध असते, मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कोरडेपणावर अल्प मात्रेचे स्थानिक इस्ट्रोजेन मलमही उपयोगी पडते. केवळ सुरकुत्यांसाठी संप्रेरकांच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. त्यांचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांनी इतर कारणांसाठी घ्यायचा असतो. आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसले, तरी तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे.

प्रत्येक बदलाचे खापर वयावर फोडू नये. न थांबणारी खाज थायरॉइडची, यकृताची, मूत्रपिंडाची किंवा रक्तातील लोह कमी झाल्याची खूण असू शकते. ज्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, तो कोरडेपणाचा चट्टा नव्हे; कुष्ठरोगाची तपासणी हवी. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० साली याच रोगासाठी उभे राहिले. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो, लपवला तरच बोटे जातात. स्तनाग्रावरचा खरूजेसारखा न भरणारा ओला चट्टा किंवा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झालेली स्तनाची त्वचा यांना मलम लावत बसू नये.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, भूल नाही. शिकलेला हात आणि पाच-दहा मिनिटे. देणगीदारांनी दिलेल्या रकमेतून आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण व्हावे, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे.

कुटुंबीयांनाही एक विनंती. आईला, मावशीला, सासूबाईंना तपासणीसाठी आणाल तेव्हा त्या अंगाला काय लावतात ते सारे पिशवीत घालून सोबत आणा. अर्धी संपलेली ट्यूब, नाव नसलेली डबी, शेजारणीने दिलेला कागदातला लेपसुद्धा. निम्मे निदान बहुधा त्या पिशवीत असते.